बाबांच्या स्लिपवरचा आर

पगाराच्या दिवशी दुपारी अडीच वाजता बस डेपोच्या कँटीनमध्ये एक शाळा भरायची. विद्यार्थी सगळे घोडे झालेले: ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, बस धुणारे. फळा म्हणजे जुन्या वेळापत्रकाच्या पुठ्ठ्याची कोरी बाजू. आणि मास्तरीण म्हणजे पगार विभागाच्या खिडकीत बसणारी मुलगी, जिला सगळा डेपो खिडकीताई म्हणायचा. वय एकतीस, आवाज खणखणीत, आणि पगाराच्या स्लिपवरचा एकही आकडा तिच्या नजरेतून सुटत नाही अशी तिची ख्याती.

ही शाळा तिने काही समाजसेवा म्हणून काढली नव्हती. ती वैतागली होती. दर महिन्याला दोनशे माणसं एकामागून एक खिडकीशी यायची आणि तेच विचारायची, "ताई, वर एवढा पगार लिहिलाय, मग हातात एवढाच कसा?" तेच ते सांगून तिच्या तोंडाला फेस यायचा. शेवटी तिने ठरवलं, सगळ्यांना एकदाच बसवायचं आणि एकदाच सांगायचं. पहिल्या महिन्यात चौघं आले, तेही कँटीनचा पंखा चांगला होता म्हणून. वर्षभरात बाकडी पुरेनाशी झाली आणि लोक डबे पालथे घालून त्यावर बसायला लागले.

ही गोष्ट मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचली. तिथून पत्र आलं. सगळ्या डेपोंमध्ये फिरून कामगारांना स्लिप वाचायला शिकवायची एक नवी जागा निघाली होती आणि ती त्यांना हिलाच द्यायची होती. पगार दीडपट, राहायला खोली, फक्त गाव बदलायचं, रेल्वेने सहा तासांवर. उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं. खिडकीताईने ते पत्र अकरा वेळा वाचलं. पहिल्या वाचनात ती खुर्चीतून उठून उभीच राहिली होती. इतकं मनापासून हवंसं काही तिच्याकडे कित्येक वर्षांत समोरून चालत आलं नव्हतं. आणि तरीही आज गुरुवारी तिच्या पर्समध्ये नकाराचं पत्र तयार होतं. तिच्या सुंदर अक्षरात, खाली सहीसकट.

कारण बाबा.

तिचे बाबा याच डेपोत ड्रायव्हर होते. डेपोत त्यांना सावकाशराव म्हणत आणि ते नाव त्यांना टोपीसारखं बसलं होतं. तीस वर्षांत त्यांनी बस कधी हाणली नाही, घास कधी गिळला नाही, वाक्य कधी एका दमात संपवलं नाही. प्रामाणिक तर इतके, की एकदा त्यांच्या बसचा आरसा खांबाला घासला. कुणीच पाहिलं नव्हतं. या गृहस्थांनी स्वतःविरुद्ध स्वतःच तक्रार लिहून दिली आणि वर मॅनेजरकडून पोच घेतली. आई जाऊन चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात ही दोघंच. आपण गेलो तर बाबा चहा आणि पाव यांच्यावर दिवस काढतील आणि भिंतीशीसुद्धा बोलणार नाहीत, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिने त्यांना ते पत्र दाखवलंच नाही. दाखवलं असतं तर ते 'जा' म्हणाले असते, आणि मग त्यांच्या त्या 'जा' म्हणणाऱ्या चेहऱ्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

तर त्या गुरुवारी शाळा भरली. पुठ्ठ्यावर तिने एक मोठी स्लिप काढली होती.

"वरची रक्कम म्हणजे एकूण पगार," तिने पट्टीने दाखवलं. "ती बघून खूश व्हायचं नाही. खालची रक्कम म्हणजे हातात येणारा. ती बघून रडायचं नाही. या दोघांच्या मधे जे आहे ते वाचायचं. निवृत्ती निधी. हा कापला जातो तो तुमचाच आहे, म्हातारपणी तुम्हालाच मिळणार."

"तोवर जगलो तर," मागून कुणीतरी म्हणालं.

"जगायचंच आहे. बारा टक्के भरलेत, सोडता काय?" बाकड्यांवर हशा पिकला. "ही संघटनेची वर्गणी. हा गणवेशाचा हप्ता, तो सहा महिन्यांनी बंद होतो. नाही झाला तर माझ्याकडे यायचं. आणि हा आयकर. आता सगळे बघा, कोपऱ्यात एक बारीक कोड आहे. तुमच्यातल्या नव्वद टक्के लोकांनी तो आयुष्यात वाचलेला नाही."

स्लिपा चुरचुरल्या. काहींनी चष्मे काढले, काहींनी घातले.

"चारशे ऐंशी आणि पुढे एल. बरोबर? आकड्यापुढे एक शून्य जोडा. चार हजार आठशे. वर्षाला एवढ्या कमाईवर सरकार तुम्हाला हात लावत नाही, कर लागतो तो त्याच्या वरच्या पैशावर. आणि अक्षर सांगतं की तुम्ही कुठल्या जातीचे करदाते आहात. एल म्हणजे साधा. दोन नोकऱ्या असतील तर दुसरीकडे बी येतो आणि तिथे काहीही माफ नसतं. नव्या माणसाने फॉर्म भरला नाही तर झेड. झेड दिसला की धावत यायचं, कर जास्त कापला जात असतो."

पहिल्या रांगेतल्या मेकॅनिकने हात वर केला. याला ग्रीसदादा म्हणत. नखांपासून कोपरापर्यंत काळा आणि बोलायला लागला की इंजिनासारखा, बंद करायला किल्ली शोधावी लागे. "ताई, अजून कुठली अक्षरं असतात? सगळी सांगा ना. आर, एस वगैरे?"

"ती जोडीने येतात," ती म्हणाली. तिला असे प्रश्न फार आवडायचे. "समजा नवरा-बायकोपैकी एकाची कमाई इतकी कमी आहे की माफीची रक्कम पूर्ण वापरलीच जात नाही. तर त्यातला दहावा हिस्सा जोडीदाराला देता येतो. देणाऱ्याच्या कोडपुढे एस येतो, घेणाऱ्याच्या कोडपुढे आर. घेणाऱ्याचा कर थोडा कमी कापला जातो. पण लोकांना हे माहीतच नसतं. आपल्या डेपोत एकही आर नाही."

"एकही नाही?" ग्रीसदादाने डोळे मोठे केले. "नक्की?"

"नक्की. नऊ वर्षं या स्लिपा मी काढतेय."

कँटीनच्या अगदी मागे, चहाच्या टाकीजवळ, एक हात वर आला. सावकाश.

"बाळ," सावकाशराव म्हणाले, "माझ्या... स्लिपवर... आर आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. खिडकीताई हसली. "बाबा, चष्मा पुसा. एल असेल."

"पुसला."

"मग आणा इकडे."

ते उठले, बाकड्यांमधून वाट काढत आले. त्यांना पुढे यायला लागला तेवढ्या वेळात एखादी बस फेरी मारून आली असती. तिने स्लिप घेतली. कोपऱ्यात स्पष्ट छापलं होतं: ५२८ आर. तिने ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे बघा!" तिने स्लिप सगळ्यांना दाखवली. "हे उत्तम उदाहरण मिळालं. अशा चुका होतात. कर कार्यालयाने कुणाचा तरी कोड यांना चिकटवलाय. म्हणूनच म्हणते, कोड वाचत जा! बाबा, काळजी करू नका, आजच्या आज मी हे दुरुस्त करून घेते."

"चूक..." सावकाशराव म्हणाले, "नसेलही."

"बाबा, आर म्हणजे लग्न झालेला माणूस. ज्याची बायको कमी कमावते."

"हो," बाबा म्हणाले. "ते तू आत्ता... फार छान समजावलंस."

कँटीनमध्ये कुणीतरी जोरात खोकलं. ग्रीसदादा छताकडे बघत होता. पण खिडकीताई चूक सापडल्याच्या आनंदात इतकी बुडाली होती की तिला यातलं काही दिसलं नाही. तिने शाळा सोडली, स्लिप मुठीत धरली आणि तडक कार्यालयात जाऊन फोन उचलला.

कर कार्यालयातल्या माणसाचा आवाज जांभईच्या काठावर होता. त्याने नंबर विचारला, कळफलकावर बोटं आपटली, आणि म्हणाला, "चूक नाही. कोड तीन महिन्यांपूर्वी बदललाय. रीतसर अर्ज आहे."

"कुणाचा अर्ज?"

"करदात्याने वैवाहिक स्थितीतला बदल कळवलाय. सही आहे. विवाह नोंदणीचा क्रमांक आहे. आणि जोडीदाराने माफीचा हिस्सा दिलाय, त्याचा वेगळा अर्ज आहे, त्यावर जोडीदाराची सही आहे."

"जोडीदार? कोण जोडीदार?"

"ते सांगता येणार नाही. गोपनीय असतं. अजून काही?"

अजून काय असणार! तिने फोन ठेवला. मग तिला एकेक आठवायला लागलं. तीन महिन्यांपूर्वी पगाराच्या दिवशी बाबा खिडकीशी आले होते. "जरा बघ बरं, सगळं बरोबर आहे ना?" तिने जादा तास बघितले, म्हणाली बरोबर आहे, पुढचा या. पुढच्या महिन्यात पुन्हा. "नीट बघितलंस ना?" बघितलं हो बाबा. गेल्या महिन्यात तर ते म्हणाले होते, "यावेळी कर... कमी कापलाय का ग?" आणि ती मान वरही न करता म्हणाली होती, दर बदललेत. दर कुठले बदलायला! बिचारे तीन महिने स्लिप पुढे सरकवत होते, आणि दोनशे लोकांच्या स्लिपा डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या त्यांच्या लेकीने त्यांची एक स्लिप धड वाचली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग लगेच राग आला. मग दोन्ही एकदम.

पण ती होती पगार विभागातली. राग आला तरी हात आकड्यांकडेच वळले. पाचशे अठ्ठावीस वजा चारशे ऐंशी, अठ्ठेचाळीस. बाबांना अठ्ठेचाळीस जास्तीचे मिळाले, म्हणजे कुठेतरी कुणाचे तरी अठ्ठेचाळीस कमी झाले. चारशे बत्तीस. पुढे एस. ती बाई जगात कुठेही असू शकत होती. बेकरीत, दवाखान्यात, दुसऱ्या गावात. तरी तिने सवयीने डेपोची सगळी यादी पडद्यावर आणली आणि अक्षरांप्रमाणे लावली. एल, एल, एल, पानभर एल. दोन बी. एक झेड, नवा कंडक्टर. एक आर. आणि सगळ्यात खाली एकच एस.

४३२ एस. शिवणकाम विभाग, अर्धवेळ, आठवड्याचे तीन दिवस.

"टाचणीबाई?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

शिवणकाम विभाग म्हणजे टायरच्या गोदामामागची एक खोली. तिथे टाचणीबाई डेपोचे गणवेश उसवायच्या, शिवायच्या, बटणं लावायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शांत. नेहमी ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्या बोलायच्या नाहीत, आणि बोलत नसल्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. त्यांचा पगार इतका कमी, की कर शून्य. कोड काहीही असता तरी शून्यच राहिला असता. म्हणून तो बदललेला कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

खिडकीताई दार न वाजवता आत शिरली. टाचणीबाई मशीनवर होत्या. आणि शेजारच्या स्टुलावर, मांडीवर टोपी घेऊन, वर्गातून काढून दिलेल्या पोरासारखे सावकाशराव बसले होते.

"बसा," ती दोघांना म्हणाली. ती दोघंही बसलेलीच होती. तिने स्लिप मशीनवर आपटली. "हे खरं आहे?"

टाचणीबाईंनी ओठांतली एक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मग दुसरी काढली. मग तिसरी. एकूण पाच होत्या. तेवढ्या वेळात माणसाचा जीव कासावीस व्हावा. "हो," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"चार महिने आणि नऊ दिवस झाले," बाबा म्हणाले. "मंगळवार होता. माझी... सुट्टी होती."

"साक्षीदार कोण होते?"

"एक तिथलाच शिपाई. आणि एक..." बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ग्रीसदादा एका बसखाली इतक्या घाईने शिरला की त्याचा एक बूट बाहेरच राहिला. लग्नाच्या रजिस्टरवर म्हणे त्याच्या सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसाही उमटला होता, कुणी न मागता.

"म्हणजे त्याला माहीत होतं. शिपायाला माहीत होतं. त्या कर कार्यालयातल्या जांभया देणाऱ्या माणसाला माहीत होतं!" खिडकीताईचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "बाबा, तुम्ही सरकारला कळवलंत, पण मला नाही?"

सावकाशराव टोपीची कड चाचपत राहिले. "त्या फॉर्मवर लिहिलं होतं," ते म्हणाले, "की बदल झाल्यापासून तीस दिवसांत कळवावं. नाहीतर दंड. मग मी... अठ्ठाविसाव्या दिवशी कळवलं. त्यांनी मुदत दिली होती ग. तू काही... मुदत दिली नव्हतीस."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की खिडकीताईला हसू यायला लागलं. तिने ते दाबलं, कारण आपण रागावलो आहोत हे तिच्या लक्षात होतं. पण दाबलेलं हसू नाकातून बाहेर पडलं आणि मग तिला धरवेना. ती कापडाच्या गठ्ठ्यावर धपकन बसली आणि पोट धरून हसली. मग थोडी रडलीही, पण ते हसण्याच्या पोटातच येऊन गेलं.

टाचणीबाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. "दीड वर्षापूर्वी यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं," त्या म्हणाल्या. "मी बसा म्हटलं, तर तासभर बसले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा बटण शाबूत होतं. तरी बसले." टाचणीबाई एवढं बोलू शकतात हे खिडकीताईला आजच कळत होतं. "मग महिनाभर रोज यायचे. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, लग्न करू. मी तीन दिवस विचार केला."

"मी... तीन महिने," बाबा म्हणाले.

"लग्नात यांनी मला घड्याळ दिलं," टाचणीबाई म्हणाल्या. मनगटावर ते होतं, लहानसं, पांढऱ्या तबकडीचं. "मला वाटलं आपणही काहीतरी द्यावं. पण माझ्याकडे होतं काय? तीन दिवसांच्या पगारात भाडं निघतं, बाकी काही उरत नाही. तेव्हा तुझा तो कागद वाचला, पगाराच्या खिडकीशेजारी तू लावतेस तो. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंस, की न वापरलेली माफी जोडीदाराला देता येते. मी म्हटलं, ही आपल्याकडे आहे. नुसती पडून आहे. ही देऊ या."

त्या आर आणि एसबद्दल खिडकीताई नऊ वर्षं बोलत आली होती. टक्के, हिस्से, फॉर्मचे नंबर, सगळं तोंडपाठ होतं. पण त्या दोन अक्षरांमागे कुणी असं काही देऊ शकतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला टाचणीबाई एकदम फार आवडल्या. इतक्या, की तिला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांच्या पदरात अजून टाचण्या खोचलेल्या होत्या.

"मग चार महिने तुम्ही राहता कुठे?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे," बाबा म्हणाले.

"सुटल्यावर माझ्याकडे येतात," टाचणीबाईंनी खरं ते सांगितलं. "सहाला जेवतात. मग आठला घरी जाऊन तुझ्याबरोबर जेवतात. तू एकटी जेवायला नको म्हणून. मी तीनदा म्हटलं, सांगून टाका तिला."

"दोनदा जेवता?" खिडकीताईला सगळ्याचा उलगडा झाला. बाबांचं पोट सुटतंय म्हणून ती चार महिने तेल मोजून घालत होती. सकाळी त्यांना चालायला पाठवत होती. आणि हे रोज दोन ताटं रिकामी करत होते!

"पँट दोन वेळा सैल करून दिली," टाचणीबाई म्हणाल्या. "आता शिवणीत कापड उरलेलं नाही."

"पण का, बाबा? मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

सावकाशराव उठले, पुन्हा बसले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, कुठेही न थांबता म्हणाले, "मी इकडे राहायला आलो असतो तर तू त्या घरात एकटी पडली असतीस, तुझी आई गेल्यावर तू माझ्यासाठी कुठेही गेली नाहीस, आता मी तुला सोडून कुठल्या तोंडाने जाऊ?"

खिडकीताईने पर्स उघडली. मुख्य कार्यालयाचं पत्र काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. ते पहिल्या ओळीवर असतानाच टाचणीबाई त्यांच्या खांद्यावरून सगळं वाचून मोकळ्या झाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण बोलल्या नाहीत, नवऱ्याची वाट बघत थांबल्या.

"हे... तुला आलंय?" शेवटी बाबा म्हणाले.

"हो."

"सगळ्या डेपोंमध्ये? तू शिकवायचं?" त्यांचा चेहरा असा उजळला की खिडकीताईला पाहवेना. तिने दुसरा कागद पुढे केला. तो लहान होता, लवकर वाचून झाला. बाबांचे कान लाल झाले. हे कान लाल झालेले तिने एकदाच पाहिले होते, लहानपणी तिने न विचारता बसचा भोंगा वाजवला होता तेव्हा.

"हे काय लिहिलंयस? 'घरगुती अडचणीमुळे शक्य नाही.' घरगुती अडचण म्हणजे कोण? मी?"

"तसं नाही हो बाबा..."

"मी अडचण आहे?"

"तुम्ही एकटे पडाल म्हणून!"

"मी एकटा? माझ्या स्लिपवर आर आहे!" सावकाशराव ओरडले. बाहेर बसखालून काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज आला.

बापाने लेकीसाठी संसार लपवला होता, लेकीने बापासाठी नोकरी. दोघं रोज रात्री एकाच टेबलावर जेवत होती आणि एकमेकांची कीव करत होती. टाचणीबाईंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. यावेळी आधी त्याच हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"फाड ते," बाबांनी फर्मावलं.

तिने नकाराच्या पत्राचे दोन तुकडे केले, मग चार, मग आठ.

"आणि आता फोन कर."

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे, बाबा. घरी जाऊन नीट विचार..."

"उद्या वगैरे काही नाही," सावकाशराव म्हणाले. "मी उद्या उद्या करत चार महिने घालवले. आणि काय मिळालं, तर ढेरी. कर फोन."

तिने तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, की रुजू कधी होता येईल. खिडकीताईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दोन बोटं वर केली, दोन आठवडे. टाचणीबाईंनी त्यांचा हात धरून तिसरं बोट उभं केलं. "तीन आठवडे," खिडकीताई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. ती मनापासून खूश होती. हे तिला स्वतःशी कबूल करायला जरासुद्धा जड गेलं नाही.

"वा रे वा," टाचणीबाई म्हणाल्या. "तीन वाजता मला मुलगी मिळाली आणि सव्वातीनला ती निघालीसुद्धा."

"दर महिन्याला येईन," खिडकीताई म्हणाली. "पगाराच्या दिवशी."

"पंधरा दिवसांनी यायचं. आणि जेवायला आमच्याकडे. यांनी आता एकदाच जेवायचं आहे, तेव्हा अन्न उरणार." टाचणीबाईंनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा बघू. मुख्य कार्यालयात काय हा उसवलेला स्वेटर घालून जाणार? निळं कापड आहे माझ्याकडे, चांगलं. कोट होईल तुझा."

"अहो, राहू दे, कशाला..."

"उभी राहा म्हटलं ना."

ती उभी राहिली. टाचणीबाई तिच्या मागे गेल्या आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरली. बोटं कोरडी होती, उबदार होती. चौदा वर्षांत कुणी तिचे खांदे असे मोजले नव्हते. कपडे ती दुकानातूनच घ्यायची, आरशात बघून, अंदाजाने. तिने श्वास रोखून धरला आणि समोर स्टुलावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. ते पेन्सिल घेऊन आपल्या स्लिपच्या मागे आकडे लिहायला तयार बसले होते. एकेक आकडा ते इतका जपून, इतका सावकाश लिहीत होते, की तिला पुन्हा हसू फुटायला लागलं.

"हसू नकोस," टाचणीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "माप चुकतंय."